न येणाऱ्या आंब्याची दवंडी

शनिवार, ६ एप्रिल २००२. फक्की मारायची होती.

फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड, कबड्डीच्या मैदानावर रेघा मारतात तीच. आमच्या रविवारच्या बाजारात प्रत्येक विकणाऱ्याची जागा मी अशी आखून देत असे. गिरणीतली जुनी चाळणी घ्यायची, तिच्यात पूड भरायची, दोरी ताणायची आणि चाळणी हलवत दोरीच्या कडेनं वाकून चालायचं. कंबर दुखते, पण रेघ सरळ येते. रेघ सरळ आली की दुसऱ्या दिवशीची निम्मी भांडणं आदल्या दिवशीच मिटतात.

आमचं तालुक्याचं गाव आरमोरीच्या रस्त्यावर. गुरुवारचा आठवडी बाजार पूर्वीपासून होता, पण तो व्यापाऱ्यांचा. पिकवणारी बाई तिथे कडेला उन्हात, नाही तर गटारीजवळ बसायची. म्हणून आम्ही बचतगटाच्या बायांनी बंद पडलेल्या आरामशिनीचं, म्हणजे लाकडं कापायच्या कारखान्याचं, आवार उन्हाळ्यापुरतं मागून घेतलं आणि रविवारी सकाळचा बाजार सुरू केला. नियम साधा. जे स्वतः पिकवलं, वेचलं किंवा हातानं केलं, तेच विकायचं. माझी पिठाची गिरणी, त्यामुळे माझ्याकडे मोठा वजनकाटा होता. काटा माझा म्हणून कारभारही माझ्याच गळ्यात पडला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कारभार करता येतो मला.

फाटकाशी एक फळा टांगलेला असे. त्यावर पुढच्या रविवारी कोण नवीन येणार, बँड कोणत्या वेळी वाजणार, पोट्ट्यांसाठी काय खेळ आहेत, हे मी खडूनं लिहीत असे. त्या आठवड्यात लिहायला बरंच होतं. नदीच्या रेतीत टरबुजं लावणारे धीवर येणार होते, कोशाच्या रेशमाचे रुमाल घेऊन एक विणकर जोडपं येणार होतं, पोत्यांची शर्यत होती, आणि फाटकाजवळच्या पहिल्या जागेवर टोल्यावरच्या बाया पहिल्यांदाच बसणार होत्या.

टोला म्हणजे जंगलातली लहान वस्ती, बसनं तासाभराच्या वाटेवर. तिथल्या एका बाईशी माझी ओळख गिरणीतच झाली होती. माझ्याच वयाची, बारीक, बोलायला तिखट. टोल्यावरची चिंच, गवताच्या झाडण्या, बांबूच्या टोपल्या दरवर्षी दारात येणाऱ्या टेम्पोत जायच्या. टेम्पोवाला म्हणेल ते वजन, टेम्पोवाला म्हणेल तो भाव. या बाईनं टोल्यावरच्या बायांना महिनाभर समजावलं होतं की एकदा आपण स्वतः जाऊन बसू, पाहू तर खरं. बाया कशाबशा तयार झाल्या होत्या. मी तिला फाटकाजवळची जागा दिली होती, आणि ती जागा टिकवणं आता तिच्या हातात होतं. कारण आमचा दुसरा नियम असा की बँडची पहिली धून वाजेपर्यंत जी जागा रिकामी, ती रांगेतल्या पुढच्या माणसाची. रांगेत पुढे होता बादल्यावाला. बादल्या काही तो घरी करत नव्हता, पण बायको झाडण्या बांधते असं सांगून त्यानं बचतगटाच्या समितीतल्या दोघींना वळवलं होतं.

तर मी वाकून रेघ मारत होते आणि समोर दोन पाय येऊन थांबले. वर पाहिलं तर टोल्यावरची बाई. हातात पिशवीसुद्धा नाही.

"रेघ नको मारू बाई," ती म्हणाली. "आमी येत नाई उद्या."

"काऊन?"

"तुह्या भोंग्यावाल्याले विचार."

भोंग्यावाला म्हणजे आमचे बँडमास्तर. बसस्टँडजवळ त्यांचं बँडचं दुकान, मागे घर. लग्नाच्या दिवसांत बँड, बाकीचे दिवस सायकलरिक्षावर भोंगा बांधून जाहिराती. सर्कस असो, दंडारीचं नाटक असो, पोलिओचा डोस असो, तालुक्यात कळायचं ते त्यांच्याच आवाजात. आमच्या बाजाराचंही तेच सांगत. मी त्यांना काय येणार ते तोंडी सांगत असे आणि ते त्यात आपली भर घालत. आजवर ती भर "मेहरबान, कदरदान" एवढीच असायची.

या वेळी त्यांनी आंबा घातला होता. गुरुवारच्या बाजारात, चौकाचौकांत, भोंग्यावरून: रविवारी या, जंगलातला पहिला आंबा खास तुमच्यासाठी टोल्यावरून येऊन राह्यला आहे!

टोल्यावर आंब्याला मरका म्हणतात. आणि मरका पंडुम झाल्याशिवाय तिथे कोणी कैरीला सुरी लावत नाही. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. गावाचा दिवस ठरतो, पहिली फळं देवाला आणि वाडवडिलांना जातात, मग माणसांना. तोपर्यंत झाडाखाली पडलेली कैरीसुद्धा पोट्टे तोंडात घालत नाहीत. विकायची तर गोष्टच नाही. त्या वर्षीचा दिवस अजून ठरलेला नव्हता. आणि टोल्यावरचा एक माणूस गुरुवारच्या बाजारात मीठ घ्यायला आला असताना त्यानं भर चौकात आपल्या आंब्याचा पुकारा ऐकला.

"भूमक म्हन्ते, देवानं खाल्ला नाई आन तुमी बाजारात इकला," बाई म्हणाली. भूमक म्हणजे टोल्याची देवपूजा पाहणारा म्हातारा. "तोंडानं इकला तरी इकलाच म्हन्ते. हे निस्तरल्याबिगर टोल्यावरचं कोणी खाली उतरणार नाई."

"तू सांगतलं नाई, तू आंबा म्हन्लाच नवता म्हणून?"

"सांगतलं ना. मले म्हन्ते, जागा तुह्या नावानं हाय, मंग बोल बी तुह्याच नावानं गेला." तिनं पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. "बाया तं लगेच म्हन्ल्या, पाय, आपला टेम्पोच बरा. एकदा नाई आलो तं पुन्हा नाई येनार त्या. मी वळखतो त्याईले."

मी चाळणी तिथेच ठेवली. अर्धी रेघ तशीच राहिली.

मास्तर दुकानात चिंचेच्या पाण्यानं कर्णा घासत बसले होते. मी दारातूनच विचारलं, "मास्तर, आंबा कोणी सांगतला तुमाले?"

"कोणी नाई," ते अगदी शांतपणे म्हणाले. "मीच घातला. बाई, आता तुमीच सांगा, चिंच येऊन राह्यली म्हन्लं तर कोण उठते घरातून? चिंच तर प्रत्येकाच्या डब्यात. आंबा म्हन्लं तर पब्लिक उभी राह्यते. आन जिथी जंगल, तिथी आंबा. झूठ काय बोल्लो?"

मी झूठ काय ते सांगितलं. मागे टोल्यावरची बाई उभी होती, तिनं उरलेलं सांगितलं. मास्तरांचा हात कर्ण्यावर थांबला. पंडुमचं त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. टोल्यावरच्या लग्नात बँड लागत नाही, त्यामुळे त्या बाजूला त्यांचं जाणंच झालेलं नव्हतं.

"या अल्ला," ते म्हणाले. "म्हणजे रोजा सुटायच्या आधीच कोणी जेवाची दावत पुकारली, असंच झालं म्हणा ना."

"असंच झालं. उठा आता. अकराची बस हाय."

"मी? मी काय करू तिथी?"

"पुकारा कोणी केला? मी केला का?"

मी नवऱ्याला गिरणी पाहायला सांगितलं. तो म्हणाला, "शनिवारी दळणाची गर्दी असते." मी म्हटलं, म्हणूनच तुला सांगते आहे. आणि आम्ही तिघं बसमध्ये बसलो. मास्तरांनी वाटेत स्टँडवरून एक नारळ आणि उदबत्तीचा पुडा घेतला. टोल्यावरची बाई त्याकडे पाहून तोंड फिरवून हसली.

भूमक मोहाच्या झाडाखाली दोर वळत बसला होता. अंगापिंडानं लहान, डोक्याला पंचा. आमच्यासाठी बाज टाकली गेली, पाणी आलं. मास्तरांनी नारळ पुढे केला आणि बँडच्या वेळी करतात तसं लवून बोलायला सुरुवात केली, "भाऊ, गलती झाली, इन्सान हाय, माफी…"

"नारळ कशाले?" भूमक म्हणाला. त्याचा दोर वळणारा हात थांबला नव्हता. "नारळानं लोकाईच्या कानातलं बोलणं बाहेर येते का?"

मास्तर नारळ मांडीवर ठेवून बसले.

मी म्हटलं, "भाऊ, तुमी सांगा काय कराचं. आमी करतो."

"बोल्ला कुठी होता हा?"

"गुरुवारच्या बाजारात. गावात. चौकांत."

"मंग तिथीच जा. जिथी जिथी बोल्ला तिथी तिथी याच तोंडानं बोलाचं, का मरका येत नाई. याच भोंग्यातून. मंग ते बोलणं उतरलं."

मला ते ऐकून बरंच वाटलं. मी कोंबडं-बकरं, दंड, पंचायत असं काहीतरी मनात धरून आले होते. हे तर दोन तासांचं काम होतं. मी हो म्हणून उठलेच. पण मास्तर बाजेवरच बसलेले. चेहरा उतरलेला.

"भाऊ," ते म्हणाले, "माहा धंदा येणाऱ्याचा हाय. सर्कस येणार, सिनेमा येणार, डाक्टर येणार. न येणाऱ्याचा पुकारा मी जिंदगीत केला नाई. पब्लिक हसन माह्यावर."

"हसू दे. मरका सांगतला तवा हसली का?"

"तवा खुश झाली ना."

"मंग आता हसन. दोन्ही तुह्यामुळंच."

टोल्यावरची बाई यावर मोठ्यानं हसली. भूमकानं तिच्याकडे पाहिलं, दोर खाली ठेवला आणि अंगणातली काठी उचलली. "मी बी येतो," तो म्हणाला. "आयकाले."

अशा तऱ्हेनं दुपारच्या बसनं आम्ही चौघं परत आलो. नारळ मास्तरांच्या मांडीवरच होता. बसमध्ये एका लेकराला तो पाहिजे होता, त्यांनी देऊन टाकला.

एप्रिलचं ऊन कलेपर्यंत थांबलो. मग रिक्षावर भोंगा बांधला, बॅटरी ठेवली. मास्तर पुढच्या बाजूला माईक घेऊन बसले आणि भूमक शेजारी, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून. मी आणि टोल्यावरची बाई बाजूनं चालत. पहिला चौक धान्यबाजाराचा. मास्तरांनी नेहमीसारखी फुंकर मारली, "हॅलो हॅलो" केलं, "मेहरबान, कदरदान" इथपर्यंत आवाज खणखणीत होता. मग एकदम खाली आला. आंब्याचं वाक्य त्यांनी अशा सुरात म्हटलं की शेजारी उभी असून मला कळलं नाही.

भूमकानं काठी रिक्षाच्या पाटावर आपटली. "मोठ्यानं. मरका येणार होता तवा मोठ्यानं बोल्ला."

मास्तर डोळे मिटून ओरडले, "उद्याच्या बाजारात आंबा येऊन राह्यला नाई! गुरुवारी सांगतलं ते गलत होतं! टोल्यावरचा आंबा येणार नाई!"

दुकानातून माणसं बाहेर आली. कपड्याच्या दुकानाच्या ओट्यावरून कोणीतरी विचारलं, "मास्तर, न येणाऱ्याचे पैसे कोण देऊन राह्यलं तुमाले?" पोट्टे रिक्षामागे लागले. एक आजी काठी टेकत पुढे आली आणि कानावर हात धरून म्हणाली, "आंबा नाई तं मंग आणखी काय काय नाई, ते बी सांगून टाका, म्हंजे घरीच बसतो."

"नाई" ऐकून लोक हसतात हे मास्तरांना अपेक्षित होतं. पण ते थांबतात, उभे राहून पुढचं ऐकतात, हे नव्हतं. दुसऱ्या चौकात एका बाईनं दारातूनच विचारलं, "काऊन नाई येत आंबा?" मास्तरांनी भूमकाकडे पाहिलं. भूमक समोर रस्त्याकडे पाहत होता. मग मास्तरच म्हणाले, "देवानं अजून खाल्ला नाई म्हणून! आधी देव, मंग टोला, मंग आपण! आपला नंबर आला नाई!"

"हे बराबर," भूमक हळूच म्हणाला. मग थोड्या वेळानं, "चिंच बी सांग."

"आ?"

"मरका नाई ते सांगतलं. चिंच हाय ते सांग. झाडण्या हाय. टोपल्या हाय. ढोल हाय."

"ढोल चालते का पंडुमच्या आधी?" मी विचारलं. फळ्यावर मी ढोल लिहिला नव्हता.

"ढोल काय झाडाले लागते?" तो म्हणाला.

मास्तरांचा आवाज तिसऱ्या चौकापासून परत लागला. न येणाऱ्या आंब्याचं वाक्य त्यांनी लयीत बसवलं. "येणार नाई" म्हटल्यावर क्षणभर थांबायचं, आणि मग "येणार हाय" म्हणून चिंचेवर यायचं. ते स्वतःच्याच कामावर खूश होऊ लागले आहेत हे मला दिसत होतं. मी दोनदा डोळे वटारले. वेळ थोडा होता, भूमकाला शेवटची बस पकडायची होती.

शाळेची गल्ली झाली, तेल्यांचा मोहल्ला झाला, कुंभारपुरा झाला. मग रिक्षा वळण चुकवून सरळ बसस्टँडकडे निघाली. भूमकानं काठी आडवी केली.

"हे कोणतं राह्यलं?" डावीकडच्या गल्लीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं.

"ते आमचं घर," मास्तर म्हणाले. "तिथी काय, सगळ्याईले मालूम झालं आतापर्यंत."

"तिथी बोल्ला होता का?"

मास्तरांनी रिक्षावाल्याकडे पाहिलं. रिक्षावाला दुसरीकडे पाहत होता.

"बोल्लो होतो," ते म्हणाले. "सगळ्यात पयले तिथीच."

"मंग तिथी बी."

टोल्यावरची बाई चालता चालता माझ्या शेजारी थांबली. स्टँडवर बस लागलेली दिसत होती. इथे मास्तर अडले असते तर बाकीचे सगळे चौक वाया गेले असते, आणि हे आम्हा दोघींना कळत होतं. मी तोंड उघडलं, पण तिनं माझं मनगट धरलं.

मास्तर खाली उतरले. रिक्षा गल्लीत शिरत नाही म्हणून भोंगा सोडून खांद्यावर घेतला, बॅटरी रिक्षावाल्याच्या हातात दिली आणि चालत गेले. गल्ली त्यांच्याच माणसांची. विणणाऱ्या बाया, चहाची टपरी, मशिदीतून नमाज आटोपून येणारे म्हातारे. सगळे त्यांना लहानपणापासून ओळखणारे. "काय मास्तर, आंबा आंबट निघाला का?" टपरीवरून कोणीतरी म्हणालंच. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली आणि हात कमरेवर ठेवून पाहू लागली.

तिथे मास्तरांनी ना लय लावली, ना मेहरबान म्हटलं. साध्या आवाजात म्हणाले, "मी गुरुवारी सांगतलं ते गलत सांगतलं. आंबा त्याईचा, सण त्याईचा. मी न विचारता बोल्लो. उद्या आंबा येणार नाई." आणि भोंगा खाली ठेवला.

कोणी हसलं नाही. बायको म्हणाली, "पाणी पिऊन जा." ती भूमकाला म्हणाली, मास्तरांना नाही. भूमक पाणी प्यायला, त्यानं भांडं पालथं घालून दिलं आणि टोल्यावरच्या बाईकडे वळून एवढंच म्हणाला, "चाल. टोपल्या बांधाच्या हाय." ती दोघं बसकडे गेली. ती वळून म्हणाली, "पयल्या बसनं येतो बाई. जागा ठेवजो."

मी आरामशिनीत परत गेले आणि राहिलेली अर्धी रेघ पूर्ण केली.

रविवारी सकाळी बाजार लागायला वेळ लागला नाही. धीवरांनी टरबुजांची रास लावली आणि एक फोडून लाल तोंड वर करून ठेवलं. कोशाचं जोडपं दोरीवर रुमाल टांगत होतं. माझा काटा मी फाटकाच्या आत मांडला होता, कारण पोट्ट्यांचं वजन हा आमच्या बाजारातला सगळ्यात चालणारा खेळ. आया रांग लावून लेकरं काट्यावर उभी करत आणि मागच्या वेळेपेक्षा भरलं की शेजारणीकडे पाहत. घुग्घुसहून सुट्टीला आलेली माझी नणंद वजनं सांगायला बसली होती आणि बारक्या पोट्ट्यांच्या आयांना टोमणे मारत होती, "घरात वरण शिजते ना?" पोत्यांच्या शर्यतीची पोती माझ्याच गिरणीतली. पीठ झटकलं नव्हतं म्हणून सगळे पोट्टे शर्यतीआधीच पांढरे झाले होते.

फाटकाजवळची पहिली जागा रिकामी होती.

बादल्यावाला रेघेच्या बाहेर, पण रेघेला पाय लावून उभा होता. मागे हातगाडीवर निळ्या-लाल बादल्यांचा मनोरा. "बाई," तो म्हणाला, "नियम म्हंजे नियम. बँड वाजला का जागा मोकळी. तुमीच केला ना?"

"केला. आन पाळणार बी हाओ," मी म्हटलं. समितीतल्या दोघी मागे उभ्या होत्या. मी नियम मोडला असता तर पुढच्या रविवारी प्रत्येकानं मोडला असता. टोल्यावरची बस अजून आलेली नव्हती. त्या बसला उशीर नवा नाही. रेंगेपारच्या उतारावर गुरं बसलेली असली की ड्रायव्हर उतरून हाकलतो.

बँड उभा होता. लाल कोट, पिवळ्या दोऱ्या, दोन ढोलवाले, तीन कर्णेवाले आणि पुढे क्लॅरनेट घेऊन मास्तर. पहिली धून नेहमी त्यांचीच. त्यांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं, काढलं. तोंडाकडची वेताची पत्ती, जी ओली असल्याशिवाय सूर लागत नाही, ती बोटानं चाचपली. तोंडात धरून ओली करत राहिले.

"वाजवा ना मास्तर," बादल्यावाला म्हणाला.

"पत्ती सुकली हाय."

"एवढा येळ?"

"ऊन पाहून राह्यले ना? सुकते." त्यांनी पत्ती काढून उजेडात धरून पाहिली. पुसली. खिशातून दुसरी काढली, ती पहिलीशी ताडून पाहिली. कर्णेवाले समजले असावेत, कारण त्यांच्यातल्या एकानं कर्णा उलटा करून त्यातलं पाणी झटकायला घेतलं, आणि ते पाणी काही केल्या संपेना. एका ढोलवाल्यानं ढोलाच्या दोऱ्या सोडून पुन्हा आवळायला घेतल्या.

"काय बँड हाय का दवाखाना?" बादल्यावाला माझ्याकडे वळला. "बाई, तुमी सांगा त्याले."

"मास्तर, वाजवा," मी म्हटलं. मी खरंच म्हटलं. नियम माझा होता.

"वाजवतोच," मास्तर म्हणाले आणि पत्ती पुन्हा तोंडात धरली.

स्टँडवरून बसचा हॉर्न आला. स्टँड आरामशिनीला लागूनच. आधी ढोलाचा आवाज आला, बसच्या टपावर बसलेली दोन माणसं उतरायच्या आधीच वाजवू लागली होती. मग फाटकातून टोपल्या दिसल्या, डोक्यावर एकावर एक रचलेल्या, खाली बाया. पुढे टोल्यावरची बाई. तिनं फाटक ओलांडलं, बादल्यावाल्याच्या पायाजवळून रेघेच्या आत पाऊल टाकलं, डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली.

मास्तरांनी पत्ती बसवली आणि पहिली धून वाजवली. त्या दिवशी ती जरा उंच लागली, पण कोणाला कळलं नाही. टपावरचे ढोल थांबायला तयार नव्हते, त्यामुळे बँड आणि ढोल काही वेळ एकमेकांवर चढत होते. मग मास्तरांनीच ठेका ढोलाचा घेतला. पोट्ट्यांची शर्यत त्यावरच झाली.

बादल्यावाला नाराज झाला, पण गेला नाही. भिंतीच्या मागे, नियमाच्या बाहेर, त्यानं हातगाडी लावली आणि दोन बादल्या विकल्या. त्यातली एक मीच घेतली. माझी फुटली होती.

चिंच दुपारच्या आत संपली. सोललेली, बी काढलेली, गोळे केलेली होती, त्यामुळे बायांनी हातोहात नेली. झाडण्या थोड्या उरल्या. दिवसभर मात्र टोल्यावरच्या बाईला एकच प्रश्न. माझ्याच गल्लीतल्या एकीनं खाली वाकून अगदी कानात विचारलं, "दोन-चार कैऱ्या आणल्या असशील ना लपवून? लोणच्यापुरत्या दे."

"लपवून आनली असती तं पयले मीच खाल्ली असती," ती म्हणाली. "नाई जी. देवाच्या आधी नाई."

"मग कधी?"

"त्याले विचार," तिनं मास्तरांकडे बोट केलं. मास्तर घाईनं म्हणाले, "मले नका विचारू बाप्पा. मी काई सांगत नाई आता." आणि ती दोघं हसली.

उतरत्या उन्हात बाया परत निघाल्या तेव्हा मी विचारलं, "पुढच्या रविवारी?"

"जागा कमी पडली," ती म्हणाली. "ढोलवाले उभे होते दिवसभर. त्याईले बसाले जागा पाह्यजे."

सोमवारी सकाळी गिरणी उघडायच्या आधी मी चाळणी आणि दोरी घेऊन आरामशिनीच्या आवारात गेले. रविवारच्या पायांनी सगळ्याच रेघा पुसल्या होत्या. बाकीच्या शनिवारी मारू म्हटलं आणि फाटकाजवळचीच पुन्हा मारली, या वेळी ढोलवाल्यांना बसता येईल एवढी रुंद. मग फळा पुसला, त्यावर चिंच, टोपल्या, झाडण्या, ढोल लिहिलं. आंब्याबद्दल काही लिहिलं नाही. हात झटकले, आणि येऊन गिरणीचा पट्टा चढवला. दळणाचे डबे दारात लागले होते.